एक म्हैस, दोन अर्ज

१

एकच म्हैस दोन घरांत दूध देत होती. निदान आमच्या बँकेच्या कागदांवर तरी.

साल अठ्ठ्याऐंशी, नुकताच पाडवा होऊन गेलेला. माझ्या टेबलावर दोन अर्ज होते. पहिला येळ्ळूरच्या भावकू हलगेकरचा. तो उद्यमबागेतल्या एका फाऊंड्रीत भट्टीवर होता आणि त्याला आमच्या बँकेचं नवं क्रेडिट कार्ड हवं होतं. दुसरा त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा, मष्णूचा. त्याला मोटरसायकलसाठी कर्ज हवं होतं. भावकूनं सांगितलं होतं की कुटुंब एकत्र आहे, म्हणून भावाचा पगार आणि म्हशीचं दूध कुटुंबाच्या मिळकतीत धरा. मष्णूनं सांगितलं होतं की कुटुंब विभक्त आहे, माझा पगार माझा आणि म्हैसही माझीच.

म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर दोन्हीकडे तोच. म्हैस काही सकाळी एका घरात आणि संध्याकाळी दुसऱ्या घरात नांदत नाही. म्हणजे दोघांतला एक जण बँकेला बनवत होता.

आमचे मॅनेजर शानभाग साहेब, खोटं पकडलं की त्यांना जेवण गोड लागायचं. त्यांनी ड्रॉवर उघडून एक बंद पाकीट मला दाखवलं. भावकूचं कार्ड मुख्य कचेरीतून बनून आलं होतं.

"हे त्याच्या हातात द्यायच्या आत मला कळलं पाहिजे, मधाळे," ते म्हणाले. "थोरला खोटा निघाला तर त्याच्या मालकाला सरळ पत्र जाईल. शिफारस मालकाची आहे. पुढच्या गुरुवारी सकाळी मी सही करणार."

त्या पत्राचा अर्थ मला कळत होता. मालक भावकूला फोरमन करणार होता. फोरमननं कोइमतूरला, पुण्याला जाऊन माल बघायचा, आणि खिशात रोकड घेऊन हिंडण्यापेक्षा कार्ड ठेवायचं, अशी मालकाची हौस. कार्ड नाही मिळालं तर फोरमनकी अडणार होती. पण 'तुमचा माणूस बँकेला फसवतो' असं पत्र गेलं असतं तर भट्टीवरची नोकरीही गेली असती.

मी विमल मधाळे, या शाखेची चौकशी अधिकारी. आडनाव मधाळे आणि जीभ कडुलिंबाची, असं माझ्यामागं बोलतात ते मला ठाऊक आहे. संशय घ्यायला मला बँकेनं शिकवलं नाही. माझी आई निपाणीत विड्या वळायची. तिच्याबरोबर लहानपणी ज्या ज्या दारात गेले, तिथं आपल्याला पाणी कशातून मिळतं हे बघायची मला सवय लागली. कुठं वरून ओंजळीत, कुठं कान तुटलेल्या कपातून, कुठं घरच्या तांब्यातून. जागा काय आहे ते भांडंच सांगायचं. आता साहेबीण होऊन हिंडते, तरी कुणाच्या घरात शिरले की मी माणसांच्या आधी भांडी बघते.

२

सगळ्यात आधी माझा संशय आमच्याच माणसावर गेला.

शामूआण्णा आमचा जुना क्लार्क. ज्या गिऱ्हाइकाला इंग्रजी अर्ज जमत नाही त्याचा तोच विचारून विचारून भरायचा. जितकी कार्डं जास्त तितकी त्याला वरून शाबासकी. मिळकत थोडी फुगवली तर कुणाचं काय गेलं, असं त्याला वाटणं अवघड नव्हतं.

"आण्णा, हे 'एकत्र' त्यानं सांगितलं की तुमच्या पेननं?" मी विचारलं.

"बाई, माझ्या पेननं एक शब्द जादा लिवला असंल तर माझा हात झडू दे. त्योच म्हणाला."

"लगेच म्हणाला?"

शामूआण्णानं चष्मा काढून पुसला. "न्हाय. पगार इचारला, चटकन सांगितलान. मग म्हटलं, कुटुंब एकत्र का विभक्त? तर गप्पच बसला. पाणी मागितलं. पाणी पिऊन बाहेर पायरीवर जाऊन हुबा ऱ्हायला. परत आला आन् म्हणाला, एकत्र लिवा."

"त्याच्या एकट्याच्या पगारावर कार्ड मिळत नाही, हे तुम्ही त्याला सांगितलं होतं. म्हणून तो विचार करत होता."

"त्ये मी मागनं सांगितलं की. एकत्र म्हणाल्यावर. मी म्हटलं, बरं झालं बाबा, एकट्याच्या पगारावर तू बसत नव्हतास. तर म्हणतोय कसा, व्हय? मला ठावं नव्हतं."

शामूआण्णा खरं बोलत होता, एवढं मला पटलं. पण भावकू मला पटला नाही. साध्या प्रश्नाला माणूस पाणी कशाला मागतो? आपण कुणाबरोबर जेवतो हे सांगायला पायरीवर जाऊन उभं राहावं लागतं का? बँकेच्या नियमात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी आणि एका हातानं खर्च करणारी माणसं. ती मोजायला एवढा वेळ लागत नाही.

मी ठरवलं, थोरलाच चोर. आता त्याचं घर बघायचं.

३

भावकूच्या फाऊंड्रीची सुट्टी बुधवारी असे. बरोबर जेवणाच्या वेळी मी येळ्ळूरला उतरले. न सांगता जाणं हा माझ्या कामाचा निम्मा भाग आहे.

उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती, दोघा भावांची आई, सोनुबाई. मी बँकेचं नाव काढताच तिनं पदर पुढं ओढला आणि तोंड मिटलं.

भावकू आत पाटावर जेवायला बसला होता. रुंद खांद्यांचा, भट्टीच्या धगीनं भुवया विरळ झालेला माणूस. तो अर्ध्यावर उठायला लागला तशी मी त्याला बसवलं. त्याची बायको अक्काताई वाढत होती. ताटात भाकरी, कांदा आणि दोन वाट्या मसूर. एका वाटीतला तांबूस, दुसऱ्या वाटीतला काळपट. भावकूनं दोन्ही वाट्या ताटात एकाच ठिकाणी ओतल्या, बोटांनी नीट कालवल्या आणि खाली मान घालून जेवत राहिला.

मला चहा कपबशीतून आला. कपबशीवरून काही कळत नाही. ती मानही देते आणि लांबही ठेवते.

"घरात किती चुली, भावकूराव?" मी विचारलं.

त्याचा घास थांबला. अक्काताईच्या हातातली पळी पातेल्यावर वाजली.

"एक," तो म्हणाला. "आमचं एकत्र हाय, बाई. आप्पा गेल्यापास्नं बी एकत्रच."

"आणि मष्णूचा पगार?"

"आईच्या हातात देतोय. मी बी आईच्याच हातात देतोय. खर्च ती करती."

मी म्हातारीकडं वळले. "आजी, तुम्ही कुणाकडं जेवता?"

"जेवाय दात कुठं हाईत?" ती म्हणाली. "चघळून पोटात जाईल तितकंच."

बाई खमकी होती. मला उत्तर मिळालं नाही आणि उलट विचारायला जागाही राहिली नाही.

मी म्हैस बघायला मागितली. घराच्या मागं परड्यात ती बांधलेली होती आणि मष्णूची बायको जयाबाई तिला पाणी दाखवत होती. म्हैस तिच्या हाताला नाक घासत होती. कानातला बिल्ला मी ताडून पाहिला, नंबर बरोबर. गोठ्याच्या कडेला एक मातीची चूल होती, सारवलेली, राख अजून गरम.

"ही चूल कशाला?"

"म्हशीचं आंबोण शिजवतो हितं," जयाबाई पटकन म्हणाली. आंबोण म्हणजे जनावराला घालायचं शिजवलेलं खाद्य. गावाकडं परड्यात अशी चूल असतेच. मी मान डोलावली.

पण चुलीमागं भिंतीला एक काठवट टेकवून ठेवली होती, भाकरीचं पीठ मळायची. तिच्या कडेला पीठ वाळून पांढरं झालेलं. म्हशीला कुणी भाकऱ्या थापून घालत नाही. मी त्या काठवटीकडं बघतेय हे जयाबाईनं बघितलं.

ती माझ्या जवळ आली. आवाज अगदी खाली गेला.

"बाई, तुम्ही काय बी करा. पर ह्यातलं भाऊजींच्या कानावर घालू नका."

४

म्हणजे घरात चोरी होती, आणि ती थोरल्याच्या पाठीमागं चालली होती. माझा संशय एका भावावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसला.

मष्णू दुसऱ्या फाऊंड्रीत दुपारपाळीला होता. पाळी सुरू व्हायच्या आधी मी त्याला उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर गाठलं. भावाचीच चण, पण डोळे सारखे इकडंतिकडं.

"वाटणी कधी झाली?"

"दिवाळीच्या मागनं."

"कागद?"

"न्हाय."

"पंच कोण होते? गावातलं कोण बसलं होतं?"

"कोण बी न्हाय."

"म्हणजे कागद नाही, पंच नाही, आणि म्हैस मात्र तुझी. पगार आईच्या हातात देतोस ना?"

"देतोय की. आई त्यातलं जयाच्या हातात देती. माझ्या थोरल्या अण्णाचं वैनीच्या हातात."

"भावाला ही वाटणी माहीत आहे?"

मष्णूनं चहाचा ग्लास गाड्यावर ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "बाई, कर्ज नगं मला. त्यो कागद फाडून टाका. अण्णाला दाखवू नका, तुमच्या पाया पडतो."

"खोटं लिहिलंस म्हणून?"

"खरं लिवलंय म्हणून," तो म्हणाला. तेवढ्यात फाऊंड्रीचा भोंगा झाला आणि तो जवळजवळ पळतच आत गेला.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत खोटं बोलल्याबद्दल पाया पडणारे पुष्कळ बघितले. खरं लिहिलं म्हणून हातापाया पडणारा हा पहिलाच. मला त्याचा राग आला, कारण तो मला समजत नव्हता. गुरुवार जवळ येत होता आणि माझ्याकडं दोन भाऊ होते, दोघंही घाबरलेले, आणि दोघांचंही बोलणं मनातून आल्यासारखं वाटत होतं.

५

हलगेकरांच्या भिंतीला भिंत लागून मारुतीराव राहायचे. त्यांची पेन्शन आमच्या बँकेत. पैसे काढायला आले तसे मी त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. शेजाऱ्याला जे माहीत असतं ते देवालाही त्याच्याकडूनच विचारून घ्यावं लागतं.

"हलगेकरांनी गेल्या भादव्यात म्हाळ एक घातला का दोन?" मी विचारलं. वडील गेल्यावर पितृपंधरवड्यात त्यांच्या नावानं गावाला जेवण घालायचं तो म्हाळ. चूल वेगळी झाली की भाऊ म्हाळही वेगळा घालतात.

"एकच की. मी जेवलो न्हवं."

भादव्यापर्यंत एक, दिवाळीनंतर दोन. मष्णूचं म्हणणं अजून मोडत नव्हतं.

"आणि जावाजावांचं पटतं?"

मारुतीराव हसले. "पयलं लई भांडायच्या. धाकटीला तिखाट सोसत न्हाय, थोरलीचा हात मिरचीला सैल. रोज आदळआपट. आता बगा, सख्ख्या भणी. सकाळी उठून परड्यात हुभ्या ऱ्हात्यात. धाकटी इचारती, आज काय गं आक्का? थोरली म्हणती, मसूर. झालं, दोघी आपापल्या कामाला. किती मया."

"हे कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापास्नंच म्हणा की."

मी पेन खाली ठेवलं. "मारुतीराव, वाटणी म्हटलं की ती माणसं एवढी का घाबरतात?"

म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. "त्यांचा आप्पा गेला तवा मी हुतो तितं. त्या माणसानं सोताच्या भावाबर वाटणी करून घेतलती, आन् मरंपातूर दोघं बोलले न्हाईत. भावकूचा हात धरला आन् म्हणाला, तुमचं तसं करू नका. भावकूनं शबूद दिलाय, माझ्या जिवात जीव हाय तवर ह्या घरात दुसरी चूल पेटणार न्हाय. त्यो शबूद मोडायची कुणाची छाती हाय?"

ते गेले, आणि मी हलगेकरांचे दोन्ही अर्ज पुन्हा समोर ओढले.

६

त्या संध्याकाळी शहापुरातल्या माझ्या खोलीवर मी जेवणाचं ताट घेतलं. शेजारच्या घरात माग खटखटत होते. माझ्या ताटात एक वाटी होती. माझ्याकडं वाट्या चार आहेत, पण आमटी एकच असेल तर दुसरी वाटी कोण भरतं? एका पातेल्यातलं कालवण एका माणसाला दोन वाट्यांत वाढणारी बाई मी अजून बघितली नाही. संपलं तर पुन्हा वाढता येतं. दुसरी वाटी भरली जाते ती दुसऱ्या पातेल्यातून.

आणि भावकूच्या ताटातल्या दोन वाट्यांचा रंग वेगळा होता.

मग एकेक गोष्ट आपणहून जागेवर जाऊन बसली. पीठ लागलेली काठवट म्हशीच्या चुलीपाशी का, ते कळलं. भांडणाऱ्या जावा दिवाळीनंतर अचानक शहाण्या का झाल्या आणि रोज सकाळी 'आज काय' हे का ठरवून घेऊ लागल्या, तेही कळलं. बायकांनी आणि म्हातारीनं मिळून चूल वेगळी केली होती. थोरल्याला कळू नये म्हणून दोन्ही चुलींवर रोज एकच पदार्थ शिजत होता आणि घरच्या कर्त्याचा मान म्हणून दोन्हीकडची वाटी त्याच्या ताटात येत होती. पगार म्हातारीच्या हातात पडायचा आणि तिच्या हातातून दोन वाटा फुटायच्या. भट्टीवरून दमून आलेला माणूस समोर आलेलं खाणार, त्याला काय कळतंय?

म्हणजे मष्णू खरा होता. भावकूही त्याच्या माहितीप्रमाणं खरा होता. खोटं घरानं मिळून केलेलं होतं, आणि तेही एका माणसाचं मन राखायला.

मी स्वतःवर खूश झाले. ताट धुवायला उठले, आणि नळाखाली वाटी धरली असताना ती खुशी उतरली. शामूआण्णानं सांगितलेला तो पाण्याचा ग्लास अजून उरला होता. ज्याला काहीच माहीत नाही, तो माणूस 'एकत्र का विभक्त' म्हटल्यावर उठून पायरीवर कशाला जाईल?

७

बुधवारी मी कार्डाचं पाकीट आणि दोन्ही अर्ज पिशवीत घेऊन येळ्ळूरला गेले. शानभाग साहेबांची सही उद्या सकाळी व्हायची होती. दुपारपाळीला निघायच्या आत मष्णू घरीच होता. मी सगळ्यांना पुढच्या सोप्यात बसवलं. सोनुबाई उंबरा सोडून भिंतीला टेकली. दोघी जावा दाराच्या आत उभ्या राहिल्या.

मी मुद्दाम भावकूच्या तोंडाकडं बघत बोलले. म्हशीपासून सुरुवात केली आणि काठवटीवर आले. अक्काताईनं डोळ्यांना पदर लावला. जयाबाई तिच्यामागं सरकली.

"धाकटीचं चुकलं न्हाय," अक्काताई म्हणाली. "रोजचं भांडाण हुतं. ती उपाशी उठायची ताटावरनं. ह्या सासूबाईनीच सांगितलं, चूल मोडली तर मोडू दे, भाऊ मोडाय नगंत. म्हणून लपवलं."

मष्णूनं मान वर केली नाही. "अण्णा, मला मारायचं तर मार. पर त्या बँकेत मला खोटं लिवाय जमलं न्हाय."

भावकू शांत होता. चकित झालेला माणूस असा बसत नाही.

"भावकूराव," मी म्हटलं, "आपलं कुटुंब एकत्र की विभक्त, हे सांगायला तुम्हाला पाणी का लागलं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "बाई, मी भट्टीवर हाय. लोखंडाचा रस पिवळा पडला का अजून तांबडा हाय, हे नुसतं बगून सांगतो. त्यावर पोरांचं जीव असत्यात. दोन वाट्यांतला मसूर मला वळखू येत न्हाय व्हय?"

अक्काताईनं पदर डोळ्यांवरून खाली घेतला.

"दुसऱ्याच दिवशी कळलं मला. एक वाटी हिच्या हातची, झणझणीत. दुसरी सपक. मी दोन्ही कालवून खाल्ल्या. कालवलं की एकच हुतंय. म्हटलं, ही समदी माझ्यासाटनं एवढी धडपडत्यात, तर मी बी आंधळा हुतो."

"आणि बँकेत?"

"तिथं तोंडानं म्हणायचं हुतं. विभक्त. आप्पाला शबूद दिलेला मी, मीच म्हणायचं. पायरीवर जाऊन हुबा ऱ्हायलो, पर जीभ वळंना." त्यानं खांदे सरळ केले. "खोटं सांगितलं म्या. मालकाला पत्र जाऊ दे. हाय ते हाय."

इतके दिवस मी लबाडी शोधत होते आणि हाताला लागली ती माया. पण माया असली तरी कागदावरचं खोटं खोटंच राहतं. कुणाची माया बघून सूट द्यायला लागले तर उद्या प्रत्येक लबाड रडून दाखवील. भावकूला कार्ड देणं मला शक्य नव्हतं. एवढंच हातात होतं की कार्ड अजून त्याच्या हातात पडलं नव्हतं.

मी अर्ज काढला. "कार्ड हातात घ्यायच्या आधी अर्जदारानं आपणहून चूक दुरुस्त केली तर तिला फसवणूक म्हणत नाहीत. एकट्याच्या पगारावर तुम्हाला कार्ड मिळत नाही हेसुद्धा तुम्हाला माहीत नव्हतं, याला शामूआण्णा साक्षीदार आहे. म्हणजे पैशासाठी तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मी साहेबांपुढं मांडीन. पत्र जाणार नाही. पण कार्ड परत जाईल. फोरमनकीचं मला सांगता येत नाही."

मी पेन पुढं केलं. "भावाचा पगार आणि म्हैस खोडा. शेजारी 'विभक्त' लिहा. मराठीत चालेल."

त्यानं पेन घेतलं. टोक कागदाला टेकवलं आणि पुन्हा उचललं. त्यानं आईकडं बघितलं.

म्हातारीनं इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "लिव रं," ती म्हणाली. "तुझ्या आप्पाचं चूल मोडून वाईट झालं न्हवतं. बोलणं मोडून झालं हुतं."

भावकूनं खोडलं. तो शब्द लिहिला, सही केली. मग पेन मला परत दिलं आणि थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही या रीतीनं आईकडंच बघत म्हणाला, "आई, धाकटीला सांग. उद्यापास्नं मसूर केलाच पायजे असं न्हाय. तिला काय आवडतंय ते शिजवू दे."

जयाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मष्णू उठून भावाच्या शेजारी जाऊन बसला, गुडघ्याला गुडघा लावून.

८

शानभाग साहेबांनी कुरकुर केली, पण पत्राचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. कार्ड कापून मुख्य कचेरीला परत गेलं. फोरमनकी त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. मला त्याचं वाईट वाटलं, आणि ते मी भावकूला सांगितलंही. तो म्हणाला, "पुढल्या वर्साला बगू. एकट्याच्या पगारावर बसलो तर या तुमीच घिऊन." मष्णूचं कर्ज मंजूर झालं.

मोटरसायकल घेतली की नाही हे बघायला उन्हाळा संपता संपता मी पुन्हा येळ्ळूरला गेले. बुधवारच होता, वेळ जेवणाची. गाडी परड्यात म्हशीशेजारी उभी होती. पुढच्या चुलीवर वांगं शिजत होतं, तिखटाचा ठसका रस्त्यापर्यंत आला होता. मागच्या चुलीवर काय होतं ते मला वासावरून ओळखता आलं नाही.

भावकू पाटावर बसला होता. सोनुबाईनं त्याच्यासमोर आणखी एक पाट मांडला आणि मला बस म्हणाली. यावेळी कपबशी नव्हती. घरचंच ताट होतं, भावकूपुढं होतं तसलंच, आणि त्यात वांग्याची वाटी.

मी पहिला घास घेतला असेल नसेल, मागच्या दारातून म्हातारी परत आली. दोन्ही हातांत एकेक वाटी होती. एक तिनं भावकूच्या ताटात ठेवली, एक माझ्या. नारळ घालून केलेली हिरव्या मुगाची आमटी, सपक.

भावकूनं वांगं आणि मूग या वेळी कालवले नाहीत. आधी एक संपवलं, मग दुसरं.